प्रोजेक्टर चालू असेपर्यंतच लाल : हार्वर्डच्या रॉथ्को चित्रांचं प्रकरण

डिजिटल रिस्टोरेशन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर फोटोशॉप येतं. जुनं चित्र स्कॅन करायचं, भेगा बुजवायच्या, रंग चढवायचे आणि आधी-नंतरची जोडी टाकून लाइक गोळा करायचे. त्यात मूळ चित्राला काडीचा फायदा होत नाही, ते जिथे धूळ खात पडलंय तिथेच पडून राहतं. म्हणून मला हे हार्वर्डचं प्रकरण वेगळं वाटतं, कारण इथे डिजिटल काम थेट मूळ कॅनव्हासवर झालं आणि तरी त्यासाठी कॅनव्हासला रंगाचा एक थेंबही लागला नाही.

चित्रं अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्कोची. त्याची चित्रं ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो, माणसं नाहीत, झाडं नाहीत, प्रसंग नाही, फक्त रंगाचे मोठमोठे पट्टे आणि चौकटी, कडा थोड्या विरघळलेल्या. "यात आहे काय" असं अनेकांना वाटतं आणि वाटू दे, इथे मुद्दा एवढाच की या चित्रात रंगाशिवाय दुसरं काही नाहीच. अजिंठ्याच्या पद्मपाणीचा रंग अर्धा गेला तरी डोळे राहतात, हातातलं कमळ राहतं, रेषेच्या जिवावर चित्र तगतं. रॉथ्कोचा रंग गेला की तगायला मागे काही उरत नाही.

1958 मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या सीग्राम बिल्डिंगमधल्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी भित्तिचित्रं करायचं काम मिळालं होतं, पुढे त्याने स्वतःच माघार घेतली, पैसेही परत केले. आणि त्यानंतर काय केलं तर हार्वर्डच्या जेवणाच्या खोलीसाठी चित्रं करायला हो म्हणाला! अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, हार्वर्डच्या आवारात, होलिओक सेंटर नावाची इमारत, आर्किटेक्ट जोसेप लुईस सर्ट, तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर विद्यापीठाच्या बड्या लोकांची डायनिंग रूम. रॉथ्कोने 1961-62 च्या सुमारास सहा मोठे कॅनव्हास रंगवले, उंची पावणेनऊ फुटांच्या आसपास, त्यातले पाच 1964 च्या जानेवारीत लागले, तीन एकत्र आणि दोन वेगळे. सहावा लागलाच नाही, तो त्याच्याकडे परत गेला. या सहाव्याला लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हार्वर्डचे तेव्हाचे प्रेसिडेंट नेथन प्युसी चित्रं बघायला त्याच्या स्टुडिओत गेले होते तेव्हा रॉथ्कोने त्यांना समजावलं होतं की तिघांच्या गटातला काळोखा रंग म्हणजे गुड फ्रायडेचं दुःख आणि उजळ पॅनेल म्हणजे ईस्टर. म्हणजे एका पॅनेलपासून दुसऱ्यापर्यंत लाल किती गडद आणि किती उजळ, यातच चित्राचा सगळा अर्थ साठवलेला होता.

आणि तोच लाल गेला.

मी छपाईच्या धंद्यातला, रंग उडणं हा आमचा रोजचा विषय. दुकानाबाहेर उन्हात राहिलेलं पोस्टर बघा, वर्ष-दोन वर्षांत त्यातला लाल-पिवळा निघून जातो आणि हिरोचा चेहरा निळा पडतो. हार्वर्डला अगदी हेच झालं, आणि गंमत म्हणजे कारणही आमच्याच दुकानातलं. रॉथ्कोने त्या खोल किरमिजी पार्श्वभूमीसाठी लिथॉल रेड नावाचं रंगद्रव्य वापरलं होतं आणि त्यात अल्ट्रामरीन निळा मिसळला होता. लिथॉल रेड म्हणजे मूळचा छपाईच्या शाईतला लाल, स्वस्त आणि भडक, पण उजेडात टिकत नाही. अल्ट्रामरीन मात्र उजेडाला दाद देत नाही. मग लाल जात राहिला, निळा जागेवरच बसून, आणि किरमिजीचा फिकट निळसर झाला.

उजेड कुठून आला तर खिडक्यांतून. छतापर्यंत काचा आणि बाहेर शहराचा नजारा. पडदे बसवलेले होते, रॉथ्कोला उजेडाची काळजी होती म्हणूनच बसवलेले, पण जेवायला आलेला माणूस पडदा लावून बसणार का, तो उघडणारच. त्यात खोली पार्ट्यांनाही द्यायला लागले, कॅनव्हासवर अन्नाचे डाग पडले, पोचे आले, कुणीतरी चक्क नाव लिहून ठेवलं. सगळी पॅनेल्स सारखी उडाली असती तर एक वेळ चाललं असतं, पण खिडकीच्या हिशोबाने कुठे जास्त, कुठे कमी, एकाच पॅनेलमध्येही वेगवेगळं. 1979 मध्ये शेवटी ती उतरवून अंधाऱ्या स्टोरेजमध्ये ठेवली. रॉथ्को 1970 मध्येच गेला होता, त्यामुळे त्याला विचारायची सोयही नव्हती.

आता कन्झर्व्हेटरच्या, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या जागी बसून विचार करा. समोर काय पर्याय आहेत?

पहिला सरळ, रिटचिंग, म्हणजे गेलेल्या जागी नवा रंग भरणं. बारीक ओरखडा असेल, नाणंभर जागा असेल तर ते करतातच. पण इथे उडालेली जागा म्हणजे जवळजवळ अख्खी पार्श्वभूमी. तिच्यावर नवीन लाल मारायचा म्हणजे रॉथ्कोचे ब्रशचे फटकारे झाकून वर आपलं चित्र काढायचं. वरून त्याची रंगवण्याची पद्धत अवघड, अंडी, सरस, राळ असलं काय काय मिसळून पातळ पातळ थर दिलेले आणि वर व्हार्निशचा पारदर्शक लेप नाही. कन्झर्व्हेटर एरवी व्हार्निशच्या थरावर रिटच करतात म्हणजे उद्या काढायचं झालं तर खालच्याला धक्का लागत नाही. इथे मधे थरच नाही, लावाल ते थेट रॉथ्कोच्या रंगात मुरणार. आणि सपाट रंगाच्या चित्रावर हात फिरवल्यावर काय होतं याचं उदाहरण ताजं होतं, ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये बार्नेट न्यूमनचं एक प्रचंड लाल चित्र 1986 मध्ये कुणीतरी चाकूने फाडलं, ते दुरुस्त होऊन 1991 मध्ये परत आलं तर आरोप झाला की लाल रोलरने सरसकट रंगवून काढलाय. वर्षानुवर्षं वाद चालला, आणि झालेलं काही मागे घेता आलं नाही.

मागे न घेता येण्याचा मुद्दा आपल्याला खरं तर त्यांच्यापेक्षा जास्त कळायला हवा. अजिंठ्याला 1872 ते 1885 मुंबईच्या आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी चित्रांच्या नकला करत होते, चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांनी भिंतींवर व्हार्निश मारलं. पुढे 1920 च्या सुमारास निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटणारा रंग धरून ठेवायला लाखेचे थर दिले. दोघांचाही हेतू चांगलाच, पण ते थर पिवळे पडले, काळवंडले, आणि नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनवाल्यांना ते इंच इंच काढत बसावं लागलं.

दुसरा पर्याय, काही न करता अंधारात ठेवणं. सुरक्षित आहे, पण मग चित्र असून नसल्यासारखं. बरीच वर्षं तेच चाललं होतं.

तिसरा निघाला तो असा की रंग कॅनव्हासवर लावायचाच नाही, त्याच्यावर पडणाऱ्या उजेडात लावायचा. हार्वर्ड आर्ट म्युझियम्सचे नारायण खांडेकर, येन्स स्टेंगर यांची टीम, आणि सोबत एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर आणि त्यांच्याकडचे लोक. रासकर म्हणजे आपले नाशिकचे, पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेले. प्रोजेक्टरने खऱ्या वस्तूचं रूप बदलणं हा त्यांचा जुना विषय, पीएचडीच्या दिवसांत त्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या मॉडेलवर प्रोजेक्टर मारून त्याला रंग, पोत, सावल्या दिल्या होत्या. तिथे वस्तू कोरी पांढरी होती, इथे आधीच रंगवलेली, डागाळलेली आणि फार म्हणजे फार महागाची, एवढाच काय तो फरक!

पण प्रोजेक्टरच्या आधीचा प्रश्न जास्त कठीण होता आणि मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं. मूळ लाल नक्की कसा होता? डोळ्याला आठवत नाही, कुणाचाही रंगाच्या आठवणीवर विश्वास ठेवू नये हे प्रेसवर उभा राहिलेला कोणीही सांगेल. पुरावा म्हणून या चित्रांच्या 1964 मधल्या एक्टाक्रोम स्लाइड्स होत्या, म्हणजे रंगीत फिल्मवरचे फोटो. आणि त्या स्लाइड्सही उडालेल्या! फिल्मवरचे रंगही शेवटी रंगच, तेही विटतात. म्हणजे ज्याची साक्ष काढायची त्यालाच विस्मरण झालेलं.

इथे स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठातले रुडॉल्फ ग्श्विंड कामाला आले, विटलेल्या फिल्मचे रंग परत काढणं हीच त्यांची खासियत. रंगीत फिल्ममध्ये तीन थर असतात, प्रत्येकाचा रंग आपापल्या गतीने उडतो आणि ती घसरण बऱ्यापैकी नियमाने होते, मग हिशोब उलटा फिरवून आधीचा रंग काढता येतो. कॅनव्हासबद्दल असं करता येत नाही कारण तिथे खिडकीचा ऊन-उजेड जागोजागी वेगळा लागलेला आहे, स्लाइड मात्र पूर्ण एकसारखी म्हातारी होते. स्लाइडचे रंग असे परत काढले, आणि ताळा करायला तो सहावा पॅनेल होता. जो जेवणघरात लागलाच नाही म्हणून उडालाही नाही. नाकारला गेलेला कॅनव्हास शेवटी सगळ्या सेटचा रेफरन्स ठरला हे मला फार आवडतं, आमच्याकडे पण पास न झालेलं प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेली प्रत, कधीकधी असंच कामाला येतं.

मग पुढचं गणित. पॅनेलसमोर कॅमेरा आणि प्रोजेक्टर बसवायचा, दोघांचा मेळ घालायचा म्हणजे प्रोजेक्टरचा कुठला पिक्सेल कॅनव्हासच्या नक्की कुठल्या बिंदूवर पडतो ते ठरतं. कॅमेऱ्याने आजची स्थिती मोजायची, शेजारी 1964 चं टार्गेट ठेवायचं, आणि प्रत्येक बिंदूला विचारायचं, बाबा तुझ्यावर कुठला उजेड टाकला तर तू लांबून तेव्हासारखा दिसशील? त्या सगळ्या उत्तरांची मिळून एक इमेज बनते, प्रत्येक पॅनेलची वेगळी, वीस लाखांवर पिक्सेलची. ही इमेज नुसती बघितली तर कळणार नाही काय आहे, कारण ती रॉथ्कोचं चित्र नाही, ती गेलेल्या रंगाची थकबाकी आहे. जिथे जास्त उडालं तिथे जास्त, जिथे टिकलं तिथे जवळजवळ काही नाही.

यात एक बारकी गोष्ट आहे ती सहसा कुणी सांगत नाही. उजेडाने रंग "लावता" येत नाही. लिथॉल रेडचं काम होतं हिरवा आणि निळा उजेड गिळणं आणि लाल परत सोडणं. ते मेलं, त्यामुळे कॅनव्हास आता हिरवा-निळाही परत सोडतो आणि म्हणून फिका, निळसर दिसतो. मग प्रोजेक्टरने करायचं काय, तर त्या जागी हिरवा-निळा पाठवायचाच कमी. जे रंगद्रव्य गिळत होतं ते आता प्रोजेक्टर देतच नाही, परिणाम एकच. पण त्यासाठी खोलीतला बाकी उजेड मंद हवा, नाहीतर इकडून रोखलेला निळा तिकडच्या दिव्यातून घुसतो. आणि उजेडानेच रंग गेला असल्यामुळे नवीन उजेड टाकतानाही हात आखडताच ठेवावा लागतो, हे वेगळं सांगायला नको.

2014 च्या 16 नोव्हेंबरला नूतनीकरण झालेलं म्युझियम उघडलं तेव्हाच हे प्रदर्शन लागलं आणि 2015 च्या जुलैपर्यंत चाललं. गॅलरीच्या भिंतींना जुन्या खोलीतला तो रॉथ्कोने निवडलेला शेवाळी-मोहरी रंग दिला. बघणाऱ्याला समोर खोल किरमिजी चित्रं, आणि मधे हात घातला तर हातावर ती थकबाकी उमटणार आणि मागे तेवढ्या जागी सावली.

आणि मग रोज चार वाजता प्रोजेक्टर एकेक करून बंद करायचे. म्युझियम बंद व्हायला तासभर असायचा, तेवढा वेळ लोकांनी आजची खरी, उडालेली, निळसर चित्रं बघायची. मला विचाराल तर प्रकरणातला सगळ्यात प्रामाणिक निर्णय हा. सकाळपासून तुम्ही जे बघताय त्यात आमचा अंदाज मिसळलेला आहे, घ्या, आता तो काढून बघा, असं रोज उघडपणे दाखवणारं रिस्टोरेशन मला तरी दुसरं माहीत नाही. लोक मुद्दाम ती वेळ धरून यायला लागले, आणि काही समीक्षकांनी त्यावरच बोट ठेवलं की आता लोक चित्र बघायला येतायत का प्रोजेक्टरचा खेळ बघायला. टीका अगदीच खोटी नाही. एवढं ट्रिकसारखं काही समोर असलं की डोकं आपोआप "हे कसं केलं असेल" यातच अडकतं, आणि रॉथ्कोसमोर नेमकं ते व्हायला नको असतं.

दुसरा आक्षेप जरा टेक्निकल, मी स्वतः त्यावर विचार केला. पावणेनऊ फूट उंचीवर हजारभर पिक्सेल पसरले की एक पिक्सेल जवळपास अडीच मिलिमीटरचा होतो. ब्रशचा केस त्यापेक्षा कितीतरी बारीक. म्हणजे कागदावर प्रिंट काढली असती तर एवढ्या रेझोल्यूशनला आम्ही हसलो असतो. पण इथे ते चालतं, कारण बारकावा प्रोजेक्टरला द्यायचाच नाहीये, तो कॅनव्हासवर आहेच. फटकारा रॉथ्कोचा, थरांचा पोत रॉथ्कोचा, कडांची थरथर रॉथ्कोची, फक्त त्यातून निघून गेलेला लाल बाहेरून येतोय. ही कामाची वाटणी इतकी नेमकी बसलीय की स्क्रीनवरचं कितीही भारी रिकन्स्ट्रक्शन याच्या जवळ येत नाही असं माझं मत. ज्यांना वाटतं की हे पण शेवटी व्हर्चुअलच, त्यांच्याशी मी सहमत नाही, समोर कॅनव्हास खरा आहे आणि कुठलंही चित्र उजेडाशिवाय दिसत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला पण खोडता येत नाही. हे कायमचं ठेवायचं कसं? प्रोजेक्टरचा दिवा जुना होतो तसा त्याचाही रंग बदलतो, एक धक्का लागला तर पिक्सेल सरकतात, पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे सगळा मेळ नव्याने बसवायचा. आणि त्याहून मोठं म्हणजे सगळं टार्गेट 1964 च्या स्लाइडवर उभं आहे. उद्या कुणी दाखवून दिलं की स्लाइडचा हिशोब जरा चुकलाय, तर? तर फाइल बदलायची, बास. रोलर मारला असता तर हे म्हणता आलं नसतं. प्रदर्शन संपलं आणि पॅनेल्स परत स्टोरेजमध्ये गेली, जशी आली होती तशी.

हे वाचून कुणी तरी म्हणणारच की मग अजिंठ्याला का नाही करत. मी पण आधी तोच विचार केला आणि जितका केला तितकं कळलं की तिथे हे जसंच्या तसं लागू होत नाही. हार्वर्डची चित्रं उडून फिकी झाली होती, म्हणजे उजेडातून कमी करायला जागा होती. अजिंठ्यात बऱ्याच ठिकाणी उलटं, धूर, काजळी, वटवाघळं आणि ते व्हार्निश-लाखेचे थर, यांनी चित्र काळवंडलंय. काळवंडलेलं उजळ दाखवायचं तर जास्त उजेड मारावा लागणार, आणि तिथे उजेड वाढवायचा म्हणजे जे उरलंय त्यावर घाला. दुसरं, अजिंठ्यात कित्येक जागी रंग उडालेला नाही, अख्खा गिलावाच पडलाय, खाली दगड. दगडावर प्रोजेक्टरने चेहरा काढता येईल, पण त्यात मूळच्या हाताचं काहीच नसेल. हार्वर्डची सगळी ताकद खाली मूळ थर शाबूत असण्यात होती.

एक साम्य मात्र आहे, साक्षीदाराचं. ग्रिफिथ्सच्या नकलांपैकी बऱ्याचशा 1885 मध्ये लंडनला आगीत जळाल्या, तरी काही वाचल्या, आणि भिंतीवरून नंतर गेलेले तुकडे त्यांत अजून दिसतात. ज्यांनी व्हार्निश मारलं त्यांच्याच नकला आज पुरावा! पण त्या हाताने रंगवलेल्या आहेत, रंग नकलाकाराच्या नजरेतून आलेला आहे, आणि तो किती बदलून आलाय ते ताडायला अजिंठ्याकडे सहावा पॅनेल नाही. त्यांवरून आकृती, दागिना, कपड्याची किनार नक्की करता येईल, पिक्सेलचा रंग नाही. त्यामुळे तिथे डिजिटल काम करायचं तर ते भिंतीपासून लांब, स्क्रीनवरच राहू दे, आणि जिथे अंदाज आहे तो भाग बघणाऱ्याला बंद करून बघता यावा एवढी एक सोय त्यात नक्की ठेवावी.